फाट्यावरची हवा

टाकी मिळाली दारव्ह्याच्या भंगारात,
मोडीत निघालेल्या ट्रकच्या ब्रेकची.
मोटर बंद दालमिलमधून,
तिच्या पंख्यात अजून तुरीचा भुसा होता.
डोकं तेवढं नवं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं जुनं,
दोन सिलिंडरचं,
अकोल्याहून पोत्यात गुंडाळून एसटीनं आणलं.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

"सायकलचा पंप पाह्यला ना," रज्जाकभाई म्हणाले,
"तोच हा. फक्त हात थकत नाही."
दट्ट्या खाली आला की एक पत्ती उघडते,
दाढीच्या पात्यापेक्षा जराशी जाड,
आणि आमच्या फाट्याची सगळी हवा आत शिरते:
धूळ, डिझेल, आलूबोंड्याचा वास.
म्हणून तोंडावर नमद्याची गाळणी.
दट्ट्या वर निघाला की ती पत्ती मिटते, दुसरी उघडते,
हवेला पुढं एकच वाट उरते.
मी विचारलं, भरल्या टाकीतून ती मागं नाही फिरणार?
"फिराले पाह्यते. म्हणून दारात एक वाल्व.
आत घेते, बाहेर सोडत नाही,
माह्या सासऱ्याच्या पेटीसारखा."

मला घाई होती बटण दाबायची.
त्यांनी वायर काढून खिशात घातली.
आधी पाणी.
टाकी काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही नको,
मग हातपंपानं दाब चढवायचा, रोजच्या दीडपट.
"पाणी फुटलं त पाय भिजवते.
हवा फुटली त टिनपत्रे नेते, अन् माणूस."
त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत.
मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही.

मे महिना. टँकर आठवड्यातून दोनदा.
आईनं तीन गुंड मोजून दिले.
"वापस पाह्यजेत," म्हणाली, "जसे नेले तसे."

काटा चढला. आठ. दहा. बारा.
खालच्या जोडावर एक थेंब आला,
कपाळावर येतो तसा, आधी नुसता ओलेपणा.
रज्जाकभाईंनी खडूनं त्याच्याभोवती गोल काढला.
दिग्रसच्या वेल्डरकडं नेली, आणली,
पुन्हा तेच पाणी, पुन्हा तोच हातपंप.
या खेपेला दोन बिड्या संपल्या तरी
काटा जागचा हलला नाही.
पाणी परत केलं तेव्हा ते चहासारखं तांबडं होतं.
आईनं कढीपत्त्याला घातलं
आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग जाळी, जाळीनंतर पट्टा.
("ओढणी बांध पोट्टे, आधी ओढणी.")
आठवर बंद होणारा, सहावर जागा होणारा स्विच,
आणि तो झोपला तर बोंबलणारा सेफ्टी वाल्व.
त्याची कडी मी अजूनही रोज सकाळी ओढून बघते.

पहिली हवा गेली चंद्रकलाबाई आत्रामांच्या लुनात.
मागं दुधाच्या कॅन, चाक बसलेलं.
ते जमिनीपासून अर्धं बोट उचललं
आणि त्या म्हणाल्या, "बस, बस, फुटीन."

संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडला.
दाबलेली हवा तापते, टाकीत निवते,
आणि निवताना जवळचं पाणी सोडून देते.
श्रावणात ग्लासभर निघतं.
त्या दिवशी निघालं चमचाभर, तेलाची साय असलेलं.
वाटीत धरून घरी नेलं.
"वापस," म्हटलं.
आईनं वाटी उजेडात तिरकी करून पाहिली,
वास घेतला,
आणि म्हणाली, "लिहून ठेव.
तीन गुंडाले एक चमचा कमी."