अठरा ग्रॅम

शाळेच्या फाटकापासून माझं दुकान सतरा पावलं.
दारावर पुड्यांच्या माळा, लाल, हिरव्या, जांभळ्या,
वारा आला की सळसळतात
तोरण उतरवायचं राहून गेल्यासारख्या.
पाच रुपयाला एक.
पोट्टे दातानं फाडतात, बोटं नारिंगी होतात,
पाढ्यांच्या वहीवर ठसे उमटतात.
मास्तर म्हणतात, कौतिकाबाई,
प्रत्येक पानावर तुमच्याच दुकानाचा शिक्का.

वेचणीच्या दिवसांत पहाटेच गाव रिकामं होतं.
कमरेला ओट्या बांधून बाया ऑटोत कोंबून बसतात,
निघता निघता झोपल्या लेकराच्या उशाशी
दहाची नोट.
भाकर थापायला वेळ कुठला,
अन् थापली तरी खाते कोण?
चिवळीची भाजी पाहिली की तोंड फिरवतात :
"मी काय बकरी हाय काय?"
शाळेतली खिचडी वेणूबाई दुपारी
भिंतीमागं ओतून येते.
गावातली कुत्री मात्र गुटगुटीत झाली.

मला काय, गल्ला भरत होता.
माझ्या नातवाचेही पुढचे चार दात काळे.
रात्री पोट धरून रडतो,
मी ओवा चघळायला देते,
सकाळी पुडी देते.

सोमवारी नर्सबाई आल्या.
शाळेच्या वजनकाट्याचा सेल गेलेला.
"कौतिकाबाई, तुमचा काटा द्या जरा."
तूर घ्यायचा माझा काटा, भरवशाचा.
भुकटी पुसून दिला.
एकेक लेकरू चढत गेलं पोत्यासारखं
आणि मी सवयीनं आकडा बोलत गेले, मोठ्यानं,
बाजारात बोलते तसा.

पुनी टेकाम. चवथीतली.
रोजचं गिऱ्हाईक, सकाळी एक, सुट्टीत एक.
अठरा किलो.
मी म्हटलं, थांब, नीट उभी राह्य.
ती नीटच उभी होती.
नर्सबाईंनी तिची खालची पापणी ओढली,
आत लाली नाही,
सरकीतून सुटलेल्या कापसाचा रंग.
बोट टोचलं, वहीत सात लिहिलं,
सातखाली दोन रेघा ओढल्या.
"धाप लागते काय गं?"
पुनी हसली.
"लंगडीत लागते. मी खेळतच नाही आता."

रात्री दुकान लावताना एक पुडी उलटी केली.
चष्मा चढवून बारीक अक्षर वाचलं :
निव्वळ वजन, अठरा ग्रॅम.

तीस वर्षं तोलते आहे मी.
पावशेर साखरेत चिमटीची खोट केली नाही कधी,
आणि ही फुगवलेली हवा
न तोलताच विकत आले.
पुडी फाडली. आतून चांदीसारखी चकचकीत.
त्यात माझं तोंड दिसलं, चुरगळलेलं.

मंगळवारी माळा टांगल्या नाहीत.
फुटाण्याची बरणी पुढं ओढली, शेजारी गूळ.
पोट्टे आले, पाहिलं,
आणि तसेच गुल्हान्याच्या दुकानाकडे पळाले.
पुनी पळाली नाही, चालत गेली.
बुधवारी मी माळा पुन्हा टांगल्या.
खोटं काहून बोलू.
फक्त एक खिळा वर.

शनिवारी पुनी आली, नोट मुठीत ओली झालेली.
"एक लाल द्या. अन् पाचचे फुटाणे."
"फुटाणे कोणाले?"
"बकरीले. थे लय आवडीनं खाते."
मापटं भरून दिलं, वर गुळाचा खडा.
"हा बी बकरीलेच?"
"हो," मी म्हटलं, "बकरीलेच."

पायरीवर उभी राहून पाहत होते.
चिंचेपाशी बकरी थांबली, पुनी थांबली.
लाल पुडी काखेत, अजून न फाडलेली.
दोघींतल्या कोणाचं तोंड हलत होतं
ते माझ्या डोळ्यांना
एवढ्या लांबून दिसलं नाही.