सातवी ओळ

खाप्याच्या एसटीत मांडीवर डबा.
शेजारीण विचारते, सांबारवड्या का वं?
मी हो म्हणते.
आत लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत
कोट्यवधी जिवाणू निजलेत,
त्यांना ऊन लागू नये म्हणून कोराडीपासून
तीनदा जागा बदललीय.

खाणीचा ढिगारा. मँगनीज गेलं, हे राहिलं;
माती म्हणायची ती सवयीनं.
किस्नाजी सयाम कारखान्याची मळी पसरतात,
वर वीजकेंद्राची राख, पिठासारखी, मिशांवर.
"ज्याले कोनी दारात उभं करत नाही
ते सारं इथं आनता तुमी."

करंजाच्या सात ओळी.
सहांच्या मुळांना डब्यातला लेप,
सातवीला काहीच नाही, तुलनेसाठी.
ती वाळेल, असं कागदावर धरलेलं.

मार्चात पाहते तर सातवी हिरवी.
एक रोप उपटलं. मुळाला गाठी, मोहरीएवढ्या.
एक नखानं चिरली: आत गुलाबी,
मांजरीच्या जिभेसारखी.
किस्नाजी चपलेनं राख सारखी करत राहिले.
"उरलं होतं थोडं डब्यात," मग म्हणाले,
"अन् पंगतीत एकाच ओळीले उपाशी ठेवनं...
जमलं नाही बाप्पा."

वर्षभराचा तक्ता वाया.
नागपूरला मॅडम रागावतील, बरोबरच आहे.
मी रजिस्टर उघडलं, रकाना सात,
पेन झटकलं.
उपटलेलं रोप पुन्हा खड्ड्यात ठेवून
किस्नाजी बोटांनी माती दाबत होते.

माती.
या वेळी मी तसंच लिहिलं.