खप

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या चौथ्या दुकानदाराने
चिठ्ठी नीट वाचलीही नाही.
"कंपनीनेच बंद केली, ताई. खप नव्हता."

खप.
मग आमच्या घरात रोज रात्री साडेनऊला
दीड गोळी, एकोणीस वर्षं,
ती कुठल्या हिशोबात धरली होती?

डॉक्टर तेलंगांनी तेव्हा पाकिटामागे काढून दाखवली होती:
तीन कड्या, एकमेकींना चिकटून,
वर एक आडवा पूल.
"त्या जुन्या घराण्यातलीच, पण चुलत."
बाबा म्हणाले, चुलतच बरी,
सख्ख्यांनी नुसतं झोपवून ठेवलं मला.

भंडारवाड्याच्या टाकीवर नोकरी.
अर्ध्या डोंगरीला पाणी सोडायचे
आणि स्वतःच्या तोंडाला कायम कोरड.
खिशात खडीसाखर.
मुंग्या लागलेल्या पँटी धुतल्यात मी.

शेवटची पट्टी ब्लेडने कापत कापत पुरवली.
अर्धी, पाव, पावातलं अर्धं,
मग बशीतला भुगा, बोटाने.

नवी गोळी पांढरी आहे. कुठेही मिळते.

तिसऱ्या आठवड्यात
न्हाणीघरातून शीळ ऐकू आली.
मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले.
इतक्या वर्षांत ओठ एवढे ओले झालेच नव्हते.

आई असती तर विचारलं असतं,
हे पूर्वी शीळ घालायचे का गं,
आणि घालायचे तर कधी?
बरं वाटत असताना,
की बिघडायच्या आदल्या दिवशी?