डावी बाजू

चाळीस वर्षं मी कवळ्या केल्या, बर्नी गावात,
बंदरावरच्या गल्लीत, दंतवैद्याच्या मागच्या खोलीत.
आता त्याच सुऱ्या, तेच मेण, तेच पायानं चालणारं ड्रिल,
आणि टेबलावर चार इंचांचं एक विचित्र वाहन:
पुढून लॉरी, मागून लाकडी खोली,
खाली रुळांवरची चाकं.

खाणीतल्या जखमींना डोंगरातून खाली आणायचं ते.
खाली वळायला जागा नव्हती, म्हणून
रिकामं परत जाताना पाठमोरं जायचं,
राजासमोरून निघावं तसं.

सगळं चौसष्टाव्या हिश्शात.
रेडिएटरला कवळीतली जाळी,
भिंतींना ह्युऑन पाइनच्या कागदाएवढ्या ढलप्या
(तासताना अजून वास सुटतो, मेलेल्या लाकडाला),
एकशे चाळीस रिव्हेट, सुईनं पत्र्यावर उठवलेले.
एक हुकला की पत्रा केरात.
असे अकरा पत्रे केरात.

फोटो मिळाले तीन. तिन्ही उजवीकडून.
डावीकडे दरी होती;
तिथं उभा राहून कोण काढणार?

मग थर्झा ग्लॅनव्हिल बाईंकडे गेलो.
त्यांचा वरचा जबडा मला पाठ आहे,
बाकी ओळख बेताचीच.
नऊ वर्षांच्या असताना मांडी मोडून
त्या ह्याच गाडीतून आल्या होत्या.
विचारलं, डावीकडे दार होतं का? खिडक्या किती?
म्हणाल्या, मला काय विचारता, मी आडवी होते.
मला फक्त छत माहीत आहे.

सायीच्या रंगाच्या फळ्या. मधोमध दुधी काचेचा दिवा.
दिव्याशेजारी ओलीचा डाग, बदकासारखा, बिनपायांचा.
आणि पेन्सिलीच्या सात रेघा, पुलांच्या.
नर्स म्हणायची, मोज गं, सातवा गेला की दवाखाना.
पाचपर्यंत मोजल्याचं आठवतं, म्हणाल्या.
पुढचं नाही.

तर मी छत केलं. आतून.
जे चिकटवल्यावर कुणालाच दिसणार नाही ते.
बदकाला तीन दिवस लागले.
रेघांसाठी एका केसाचा कुंचला,
आणि श्वास रोखून सात वेळा.

डावी भिंत नुसती राखाडी ठेवली आहे.
मला माहीत नाही ते मी रंगवणार नाही.

रविवारी बाई आल्या, काठी टेकत.
उपडं छत तळहातावर घेतलं,
भिंगातून पाहत राहिल्या, चहा निवेपर्यंत.
सहावी तिरपी होती, म्हणाल्या.

मी म्हटलं, पाचनंतर आठवत नाही म्हणाला होतात.

त्यावर काही बोलल्या नाहीत.
कवळी काढून रुमालात ठेवली, माझ्यापुढे सरकवली.
डावीकडे टोचते, म्हणाल्या,
तुम्ही केलीत तेव्हापासून.

मी ती दिव्याखाली धरली
आणि ड्रिलवर पाय ठेवला.