अर्धा तारा

'शवपेटीतली ढेकर'चा पहिला भाग चालला,
म्हणून दहा महिन्यांत दुसरा.
पहिल्यात भूत शिंकायचं. दुसऱ्यात
भुताला जुलाब लागतात,
आणि भूत उतरवायला आलेला पाद्री... असो.
मी पाहिलेला नाही. फक्त वाचलाय.
डुलुथच्या दैनिकात रात्रपाळीला होतो मी,
दुसऱ्यांच्या वाक्यांना कात्री लावायला.
खिडकीबाहेर गोठलेलं बंदर,
कच्च्या लोखंडाची जहाजं बर्फात रुतलेली.

समीक्षा आमच्या सिग्ने हॉल्वर्सनची.
वय बासष्ट. चष्म्याला दोरी.
चहा बिनसाखरेचा, मतंही.

गुरुवारी सकाळी दहाला, खास समीक्षकांसाठी खेळ.
नऊशे खुर्च्या, माणसं सात,
जो तो दुसऱ्यापासून चार खुर्च्या लांब,
जणू हसू साथीचं असतं.
रेडिओवाला ऑर्व्हिल टुओमी घोरला
आणि संध्याकाळी ठासून बोलला,
'पहिल्याची सर नाही.'
पहिल्यालाही तो असाच घोरला होता.
सेंट पॉलच्या पेपराने लिहिलं : संस्कृतीचा अंत.
संस्कृती मागच्या ऑगस्टातही संपली होती त्यांची,
एका बोलक्या खेकड्याच्या सिनेमावर.
कॉलेजातल्या एका मुलाने शोधून काढलं
की जुलाब हे भांडवलशाहीचं रूपक आहे.
त्याला गुण बरे मिळाले म्हणे.

सिग्नेने मात्र बिनपाण्याने हजामत केली.
दिग्दर्शकाची, मग लेखकांची. सहा होते. सहा!
'सहा जणांनी मिळून एक विनोद उचलला
आणि तोही वाटेत पाडला.'
रिकाम्या कचेरीत मी एकटाच हसलो.
खाली अर्धा तारा.
अर्धा तरी का, विचारलं तर म्हणाली,
'तिकीट फाडणारा पोरगा नम्र होता.'

शेवटचा परिच्छेद वेगळ्याच आवाजातला :
'एक सांगायला हवं. बाविसाव्या मिनिटाला
भूत भिंतीभिंतींतून आरपार जात
संडास शोधत फिरतं,
आणि सापडतो तेव्हा त्याला कडी काढता येत नाही.
तिथे मी हसले. मोठ्याने.
आर्नेला पोचवून नऊ आठवडे झाले,
तेव्हापासून मी घरातली दारं
उघडी ठेवून झोपते.
विनोद वाईट होता. हसू वाईट नव्हतं.
दोन्ही एकाच ताऱ्यात कसं मोजायचं,
मला कळत नाही.'

साडेअकराला जाहिरात खात्याचा फोन :
बर्फ उपसायच्या यंत्रांवर वीस टक्के सूट,
आजच जायला हवं, थोडी जागा काढ.
आमच्या धंद्यात खालून कापतात.
आग असो, निवडणूक असो, खालून.
मीही खालून कापलं.
एक परिच्छेद.

दुसऱ्या दिवशी ती आली, कोट न काढता
पेपर उलगडला, पान सात,
यंत्राची किंमत बारकाईने वाचली.
'स्वस्त आहे,' म्हणाली.
एवढंच.

सिनेमा तीन आठवडे तुफान चालला,
सातही जणांना विचारतो कोण!
आणि महिन्याभराने बसथांब्यावर
नवं पोस्टर. पाद्री, भूत, कमोड,
वर हातभर अक्षरांत :
'अशक्य!'
— सिग्ने हॉल्वर्सन, डुलुथ.
तिचं वाक्य होतं,
'याहून वाईट सिनेमा काढणं अशक्य.'
उद्गारचिन्ह त्यांच्या पदरचं.
मी ओशाळून तिला दाखवलं.
ती दोरीला धरून चष्मा पुसत राहिली.
'तू शेपूट कापलंस, त्यांनी धड,'
म्हणाली, 'हात दोघांचा साफ आहे.'

ते यंत्र मी घेतलं. सूट होतीच.
मार्चातल्या एका पहाटे, पाळी संपल्यावर,
तिच्या दारापुढचा बर्फ उपसून आलो, न सांगता.
वरच्या खिडकीत दिवा लागला,
विझला.
फार आवाज करतं. पुढे ढकललं की डावीकडे पळतं.
उपसलेला निम्मा बर्फ पुन्हा पायरीवरच टाकतं.
मी त्याला अर्धा तारा देईन.