धक्का

एम्प्रेस गार्डनच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली
दर दुसऱ्या रविवारी जमतात ही माणसं.
गाडी आता कुणाकडेच नाही, रिक्षानं येतात.
थर्मास उघडायच्या आधीच
नौशीरची हिलमन सुरू होते:
चोक अर्धाच ओढायचा, मग थांबायचं,
घोडीशी बोलतात तसं बोलायचं तिच्याशी.
खर्शीकरांची फियाट कात्रजला उकळते,
बोगद्याच्या अलीकडे, अडुसष्ट सालापासून तिथंच.
डबा घेऊन पाणी आणायला पळालेला मुलगा
परवा आजोबा झाला.
हाफिजमियाँ काही बोलत नाहीत,
हवेतच गिअर टाकतात, स्टिअरिंगखालचा,
मनगट वळतं
आणि सगळ्यांना ऐकू येतो तो 'कट्'.

मग कुणीतरी म्हणतं, वहिनी, तुमची हेराल्ड?

माझी कुठली. ह्यांची.
मला तिची फक्त पाठ ठाऊक.
डिकीच्या पत्र्यावर दोन पोचे,
माझ्या तळव्यांच्या मापाचे.
खोचलेला पदर, डिसेंबर, प्रभात रोडची गल्ली,
आतून ह्यांचं, "अजून थोडं, शालन!"
गचका. धूर. ती पळायची
आणि मी मागून, चपला हातात,
कोपऱ्यावर थांबतील या हिशेबानं.

थांबायचे. दर वेळी.
दार आतून उघडून द्यायचे,
बाहेरचा खटका तुटलेला होता ना.

हे गेल्यावर भंगारवाला आला.
त्याचा एक पोरगा आत बसला, एक मागे.
मीही लावले हात, सवयीनं.

पहिल्याच धक्क्याला सुरू झाली, मेली.
कोपऱ्यावर थांबली नाही.