दगडफूल

खारीगावच्या डंकावर, एप्रिलच्या उन्हात,
रांगेत माझी पिशवी अकरावी.
बेडगी पाव किलो, लवंगी मूठभर,
धने, खसखस, नागकेशर,
आणि कागदाच्या पुडीत दगडफूल.
जांभळी नाक्यावरचा दुकानदार ते तोलत नाही,
चिमटीने देतो.
एका अंगाने काळं, एका अंगाने राखाडी,
पेटता पेटता विझलेल्या कागदासारखं.
नावातच दोन थापा :
दगड नाही, फूल तर नाहीच.

मला माहीत आहे ते काय आहे.
एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
बटाट्याच्या फोडीत धरून
ब्लेडने मी त्याचे काप काढले.
काचेखाली पांढऱ्या दोऱ्यांची गुंतवळ
आणि गुंतवळीत अडकलेले हिरवे दाणे.
बुरशी आणि शेवाळ.
बुरशीला घर बांधता येतं, रांधता येत नाही.
शेवाळ उन्हावर रांधतं, पण त्याला छप्पर नाही.
दोघांनी मिळून उघड्या कातळावर मांडलेला संसार.
मुलं आकृती काढायची,
मॅडम सही करायच्या,
काचा मी धुवायचे.

किसननगरच्या खोलीत मी आणि मालन.
ती सिव्हिलला रात्रपाळीची आया.
पलंग एकच,
एकवीस वर्षांत तो गार पडला नाही.
सकाळी मी उठायचे, ती आडवी व्हायची,
उशीला डेटॉल, उशीला फॉर्मॅलिन.
भाडं माझं, भाकरी तिची.
रेशनकार्डाच्या रकान्यापाशी कारकून अडला :
बहीण? जाऊ? नणंद?
मालन म्हणाली, काय वाटेल ते लिहा,
तांदूळ तेवढा दोघींचा द्या.

याला सहजीवन म्हणतात, मॅडम शिकवायच्या.
एका वर्षी मागच्या बाकावरचा तांडेल उभा राहिला.
"मॅडम, शेवाळाला कुणी विचारलं का?"
वर्ग हसला.
मॅडम हसल्या नाहीत.
माझ्या हातातलं बीकर नळाखाली भरून वाहत राहिलं.

त्या संध्याकाळी मालन भाकरी थापत होती.
मनगटावर तव्याचा जुना डाग.
भाडं माझ्या नावावर,
किल्ली माझ्या कनवटीला.
मी हिला घर दिलं
की कोंडलं?
विचारलं नाही.
भाकरी मोडली, ठेच्यात बुडवली.

पुस्तकात पुढचं पान होतं,
परीक्षेला नव्हतं म्हणून कुणी वाचलं नाही.
दोघांना वेगळं केलं, तर
शेवाळ जगतं, त्याला थेंबभर पाणी पुरतं.
बुरशीही जगते,
पण आकार विसरते.
बशीत नुसता गोळा.

मालन खटावला गेली, भाच्याकडे.
फोनवर सांगते, कोंबड्या पाळल्यात,
गुडघा आता दुखत नाही.
मध्येच खळखळून हसते.
इकडे पलंग दिवसभर गार.
मी दोन्ही वेळेला भात लावते,
पाण्याचा अंदाज चुकतो,
आणि संध्याकाळी दारात उभी राहून
आपण कशासाठी उभ्या आहोत हे आठवत बसते.

अकरावा नंबर आला.
"किलोच्या खाली घेत नाही, मावशी.
एवढुसं खाली चिकटूनच राहील."
मागून हिराबाई मढवीचा आवाज,
"टाक गो माझ्यान."
तिची दीड किलो, नुसती जाळ.
"माझ्यात दगडफूल जास्त आहे," मी म्हणाले.
"मंग? खडे हान का ते?"

पिशवी रिकामी करताना माझा हात थांबला.
या वेळी विचारलं,
"तुला चालेल ना, हिराबाई?"

डंक सुरू झाला होता.
तिला ऐकू गेलं नसावं.
ती नाकाला पदर लावून शिंकत होती,
दुसऱ्या हाताने
माझ्या पिशवीचं तोंड उघडं धरून.